माशाच्या खोक्यातली आखाजी

"अंडा उकडी राह्यना का पिल्ला काढी राह्यना रे भाऊ?"

आजीनं ओट्यावरून विचारलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुकानातल्या टेबलावर थर्माकोलचं खोकं, खोक्यात तीस गावरान अंडी, झाकणावर चिकटवलेल्या मीटरवर लाल आकडे ४०.६. आतले दोन्ही बल्ब बंद. सकाळी अकरापासून ते एकदाही लागले नव्हते. २८ एप्रिल २०२४, दुपारचे तीन, डोक्यावर पत्रा, आणि बाहेर लोकसभेच्या प्रचाराची गाडी घसा ताणून फिरत होती.

अंड्याला हवं असतं ३७.५. थोडं खाली गेलं तर ते चालवून घेतं, वर गेलं तर नाही. हे मी वाचलं होतं. पण जेवढे म्हणून व्हिडिओ पाहिले, त्या सगळ्यांत माणसं अंडी गरम कशी ठेवायची याच्या खटपटीत होती. गार कशी ठेवायची हे कोणी सांगितलं नाही, आणि एप्रिलच्या खान्देशात बसून मला ते विचारायचं सुचलंही नाही.

मी मोटार रिवाइंडिंग करतो. अमळनेर तालुक्यातलं गाव, कापूस-मक्याचा भाग. कोणाची पाणबुडी मोटार जळाली, कोणाच्या स्टार्टरचा रिले चिकटला, की माणूस माझ्या दुकानात. आयटीआय झालेलं, वीस वर्षं तांब्याच्या तारेत हात. तेव्हा एका खोक्यात ३७.५ डिग्री राखणं म्हणजे आपल्या डाव्या हाताचा मळ, असं मला वाटलं यात नवल नाही.

निमित्त आखाजीचं, म्हणजे अक्षय तृतीयेचं. बहीण सुरतला दिलेली. आखाजीला माहेरी येते, बरोबर दोन भाचे. २०२३ मध्ये पोरांनी बाजारातून रंगवलेली पिल्लं आणली होती, गुलाबी आणि हिरवी, दहा रुपयाला एक. ही पिल्लं म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या हॅचरीतले नर. अंडी द्यायची नाहीत, अंगावर मांस धरायचं नाही, म्हणून एक दिवसाची असताना विकून टाकतात. दोन दिवसांत चारही मेली. धाकटा भाचा झोक्यावरसुद्धा बसेना. तेव्हा मी बोलून गेलो, पुढच्या आखाजीला मामा घरची पिल्लं काढून देईल.

घरची म्हणायला घरात कोंबडी कुठे होती? आमच्याकडे पूर्वी पंधरा-वीस असायच्या, आजीच्या. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिला. तिकडच्या पोल्ट्र्यांमधल्या लाखो कोंबड्या मारून पुरल्या. नवापूर इथून लांब, आमच्या कोंबड्यांना काही झालं नव्हतं, पण गावात भीती अशी बसली की फुकट दिली तरी कोणी कोंबडी घेईना. अण्णांनी खुराडं मोडून त्याची लाकडं चुलीत घातली. आजी त्या दिवशी जेवली नव्हती म्हणतात. पुन्हा कोंबड्या आणायचा विषय कोणी काढला नाही.

असो. खोकं कसं केलं ते सांगतो, कारण दुकानात येणारा प्रत्येक जण आधी तेच विचारतो.

थर्माकोलचं खोकं बाजारातल्या मासेवाल्याकडून घेतलं, चाळीस रुपये. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, सव्वा इंच जाडीची भिंत. बर्फ न वितळता मासे गावोगाव फिरतात त्यात, म्हणजे उष्णता अडवायला याहून स्वस्त काही नाही. फक्त वास. सोड्यानं धुतलं, चार दिवस गच्चीवर उन्हात ठेवलं, लिंबाच्या साली घासल्या. बायको म्हणाली, "अहो, पिल्लं निघाली तर पोहत निघतील." (तिचा हा विनोद पुढे जुलैत फार कडू लागला, तेव्हा लक्षात ठेवा.)

झाकणात चौकोन कापून जुन्या फोटोफ्रेमची काच बसवली. हे करायलाच हवं, कारण खिडकी नसली की माणूस दर दहा मिनिटांनी झाकण उघडतो.

गरमीसाठी दोन बल्ब, ४० वॅटचे, पिवळे, तारेचे. एलईडी चालत नाही, तो उजेड देतो, ऊब नावाला. आता हे जुने बल्ब मिळवणं हेच एक काम झालंय. अमळनेरला तिसऱ्या दुकानात माळ्यावरून खोका काढून दिला त्यानं, वर म्हणाला, "देव्हाऱ्यासाठी का?" दोन्ही बल्ब समांतर जोडले. मालिकेत जोडले तर मंद जळतात आणि जास्त टिकतात हे खरं, पण एक उडाला की दोन्ही गेले, आणि हे रात्री दोनला झालं तर कळणार कोणाला? बल्बांवर पावडरच्या रिकाम्या डब्याचं, भोकं पाडलेलं पत्र्याचं टोपण घातलं. निघालेलं पिल्लू उजेडाकडे धावतं आणि काचेला चिकटून भाजतं.

डोकं म्हणजे डब्ल्यू-१२०९ नावाची एक छोटी पाटी. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, त्यावर तीन लाल आकडे, तीन बटणं, एक रिले (म्हणजे आपोआप चालू-बंद होणारा स्विच) आणि तारेच्या टोकाला तापमान ओळखणारा काळा थेंब. सुरत-भुसावळ पॅसेंजरनं जळगावला गेलो, गोलाणी मार्केटमधून घेतली, १८० रुपये. ती १२ व्होल्टवर चालते, त्यासाठी अ‍ॅडॉप्टर १५०. फेजची तार रिलेतून फिरवून बल्बला द्यायची, एवढंच काम. ज्याला फेज आणि न्यूट्रल ओळखता येत नाही त्यानं मात्र यात हात घालू नये, कोणातरी वायरमनला अर्धा तास बोलवावं. पाण्याची वाटी आणि २३० व्होल्ट एकाच खोक्यात असतात.

या पाटीत एक खोच आहे. कंपनीतून येते तेव्हा तिच्यात दोन डिग्रीचा फरक भरलेला असतो. म्हणजे ३७.५ ला बल्ब बंद झाला की ३५.५ होईपर्यंत परत लागत नाही. खोलीच्या एसीला हे ठीक, अंड्याला नाही. 'सेट'चं बटण पाच सेकंद दाबून आत जायचं, पी-१ वर यायचं आणि ०.३ करायचं. पी-० वर 'एच' असलं पाहिजे, म्हणजे गरम करणारी. त्याच ठिकाणी 'सी' केलं तर तीच पाटी उलटी वागते, तापमान वाढलं की रिले ओढते. हे 'सी' लक्षात असू द्या.

आणि आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही. घरात ताप मोजायचा थर्मामीटर असतो, त्याला या कामासाठी तोड नाही, कारण तो बनवलेलाच असतो शंभर फॅरनहाइटच्या आसपास अचूक राहण्यासाठी, आणि ३७.५ म्हणजे ९९.५ फॅरनहाइट. दोन्ही टोकं कोमट पाण्याच्या पेल्यात शेजारी शेजारी बुडवली. माझी पाटी ०.६ कमी दाखवत होती. पी-४ मध्ये दुरुस्ती केली. न करता अंडी घातली असती तर पहिल्या दिवसापासून सगळी ३८.१ वर भाजत बसली असती.

पंखा जुन्या कॉम्प्युटरचा, दुकानात पडलेला. तो बारा व्होल्टवरच चालतो, सतत चालू. पंखा नसला तर वरची हवा गरम, खालची गार. काळा थेंब अंड्याच्या उंचीवर लोंबता ठेवायचा, बल्बसमोर नाही, भिंतीला टेकवून नाही. खाली चार, वर चार भोकं, पेन्सिल जाईल एवढी. अंडं श्वास घेतं, शेवटच्या दिवसांत तर पुष्कळ. तळाला जाळी ६० रुपयांची, तिच्याखाली पाण्यासाठी डब्यांची झाकणं. आर्द्रता दाखवणारं घड्याळ २८०, बल्ब-होल्डर-वायर १२०. एकूण ८३० रुपये. तयार मशीन घ्यायचं तर त्याच्या पाच-सात पट.

अंड्यांसाठी चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावर गेलो. तिथं घरोघरी गावरान कोंबड्या आणि त्यांच्यात कोंबडेही. हे महत्त्वाचं. दुकानातल्या ट्रेमधलं पांढरं अंडं जन्मभर उबवलं तरी त्यातून काही निघत नाही, कारण त्या कोंबडीनं कोंबडा पाहिलेलाच नसतो. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा असेल तिथली अंडी घ्यावीत. तीस मिळाली, पण एका घरात नाही. कोणाकडे चार, कोणाकडे सहा, कोणाकडे "आठवडाभराची जमवलेली आहेत, न्या". मोटारसायकलच्या डिकीत कापसात गुंडाळून आणली. हादऱ्यांनी आतली हवेची पिशवी हलते, म्हणून निमुळतं टोक खाली करून एक रात्र स्वस्थ ठेवली. १९ एप्रिलला खोक्यात घातली. एकवीस दिवस मोजले की १० मे, बरोबर आखाजी. पोरीनं, ती तेव्हा पाचवीत, प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीनं एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोळा काढला, म्हणजे फिरवायचं राहिलं का ते कळतं. स्केचपेन नाही, अंड्याच्या कवचाला बारीक छिद्रं असतात, शाई आत जाते. दिवसातून तीन वेळा फिरवायचं. तीनच का? दोनदा किंवा चारदा फिरवलं तर दर रात्री तीच बाजू वर राहते. रात्र सगळ्यात लांब, ती एकदा फुलीवर आणि एकदा गोळ्यावर गेली पाहिजे. नाही फिरवलं तर आतला जीव कवचाला चिकटतो.

एवढी सगळी तयारी, आणि नवव्या दिवशी ४०.६.

त्या रात्री दुकानातला दिवा घालवून मोबाईलच्या टॉर्चवर एकेक अंडं धरलं. जिवंत अंड्यात या दिवसाला मधोमध काळा ठिपका आणि त्यातून कोळ्याच्या पायांसारख्या लाल रेषा दिसतात, ठिपका हलतोसुद्धा. माझ्या तीसपैकी अकरांमध्ये नुसता पिवळा उजेड. चार सोडून बाकीच्यांत लाल कडं. बांगडीसारखं, स्वच्छ, गोल. जीव धरून मेला की रक्त सगळं कडेला जमतं आणि असं कडं होतं. पोर शेजारी उभी होती, म्हणाली, "पप्पा, हे किती छान दिसतंय." मी काही बोललो नाही. त्या चार अंड्यांत अजून हालचाल होती, ती ठेवली. त्यातल्या दोघांनी शेवटी कवचाला आतून टिचकी मारली आणि तिथंच संपली. आखाजीला भाचे आले, मी आमरसाचं भांडं पुढे केलं.

आजीचं वय विचारलं तर ती प्लेगच्या साथीपासून सुरू करते, तेव्हा ते राहू द्या. ती म्हणाली, "कोंबडी काय मीटर देखीसन बठस का?"

मी चिडलो. पण नंतर दुकानात बसून तिच्याच प्रश्नाचा हिशेब मांडला. कोंबडी अंड्यांवर बसते, बाहेर उकडतं तेव्हा उठते, पंख पसरते, सावलीच्या कोपऱ्यात, जमीन खरवडून केलेल्या खड्ड्यात अंडी घालते. तिच्याकडे गरम करायची सोय आहे आणि गार करायचीही. माझ्या खोक्याकडे अर्धीच. थर्माकोल बर्फाला गरमीपासून वाचवतो तसाच तो आतली गरमी बाहेर जाऊ देत नाही, त्याला काय आत आणि काय बाहेर. पत्र्याच्या दुकानात दुपारी ४१, पंख्याची मोटर आत, आणि दहाव्या-बाराव्या दिवसानंतर अंडी स्वतःच ऊब फेकायला लागतात. त्यामुळे बल्ब बंद असला तरी खोकं शेवटी खोलीपेक्षा एक-दोन डिग्री वरच जाणार. म्हणजे ३७.५ राखायचं तर खोली पस्तिसाच्या खाली पाहिजे. इतकं साधं गणित, आणि मी वीस वर्षं ट्रान्सफॉर्मरच्या गरमीचं बोलतोय.

आणि ती अकरा रिकामी अंडी? ती रिकामी नव्हतीच सगळी. कोंबडीनं अंडं घातलं की ते गार होतं आणि आतला जीव थांबून राहतो. वीस-एकवीस डिग्रीच्या खाली तो पूर्ण झोपलेला. एप्रिलमध्ये पाड्यावरच्या कुडाच्या घरात आठवडाभर चाळीस डिग्रीत पडलेलं अंडं झोपतच नाही. अर्धवट वाढतं, थांबतं, वाढतं, आणि खोक्यात यायच्या आधीच संपतं. टॉर्चवर ते रिकाम्यासारखंच दिसतं. आजीला हे सांगितलं तर तिनं मला असं पाहिलं की मी आता दोन अधिक दोन शिकून आलोय. माठाखालच्या ओल्या वाळूत टोपली रोवायची आणि अंडी त्यात, टोक खाली, हे तिच्या सासूनं तिला सांगितलं होतं. "माले ईचारं व्हतं का तू?" नव्हतं विचारलं.

मेच्या शेवटी ती अमळनेरच्या बाजारात गेली, माझ्या मोटारसायकलवर बसून, आणि स्वतःच्या पेन्शनच्या पैशातून चार कोंबड्या आणि एक कोंबडा घेऊन आली. अठरा वर्षांनी. अण्णांनी न सांगता पत्र्याचं खुराडं केलं.

जुलैत मी परत बसलो. पाऊस लागला होता, हवा सत्तावीस-अठ्ठावीसला आलेली, बल्ब शहाण्यासारखे लागत-विझत होते. आजीच्या कोंबड्यांची चोवीस अंडी. पहिल्या वेळची टिचकी मारलेली ती दोन सुकून मेली असावीत या समजानं मी दोन्ही झाकणं पाण्यानं भरून ठेवली. आर्द्रता ७२. मनात म्हटलं, जेवढी जास्त तेवढी चांगली.

अकरा पिल्लं निघाली. अकरा म्हणजे मला तेव्हा दिवाळी. पण सात अंडी एकविसाव्या, बाविसाव्या दिवशीही गप्प. तेविसाव्या दिवशी फोडली. आत पूर्ण वाढलेलं पिल्लू, पिसं, नखं, चोचीवरचा तो पांढरा दाणा, सगळं जागच्या जागी. आणि पाणी. ओलं गच्च.

"पानीमां बुडनात," आजी म्हणाली. बायकोला तिचा पोहण्याचा विनोद आठवला असणार, ती आत निघून गेली.

अंड्यातलं पाणी छिद्रांमधून हळूहळू उडून जायला हवं असतं. अठराव्या दिवसापर्यंत वजन साधारण अकरा ते तेरा टक्के कमी व्हायला हवं. तेवढं पाणी गेलं की मोठ्या टोकाकडची हवेची पिशवी मोठी होते, आणि पिल्लू पहिला श्वास घेतं ते त्या पिशवीत. पिशवी छोटी राहिली की चोच पाण्यात. आर्द्रता पाहिजे पन्नासच्या आसपास, शेवटचे तीन दिवस तेवढी पासष्ट-सत्तर, कारण तेव्हा कवचाआतला पापुद्रा वाळून पिल्लाला आवळतो.

आता गंमत अशी, की पावसाळ्यातली नव्वद टक्क्यांची हवा खोक्यात जाऊन ३७.५ ला तापली की तिचे पन्नासच टक्के उरतात, कारण गरम हवेच्या पोटात जास्त पाणी मावतं. म्हणजे जुलैत पाणी ठेवायचंच नव्हतं! एक थेंब नको. आणि एप्रिलची आपली कोरडी झळ, पंधरा टक्क्यांची, तिला दोन झाकणंही अपुरी. जे महाराष्ट्रभर लिहून ठेवलंय की "तळाला पाण्याची वाटी ठेवावी", त्यात कुठल्या महिन्यात ते लिहिलेलं नाही. म्हणून मी आता वाटीचं कोणाला सांगत नाही. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, दहा अंडी पहिल्या दिवशी मोजा, आठवड्यानं परत मोजा. वजन भराभर उतरत असेल तर पाणी वाढवा, उतरत नसेल तर काढा. काटा खोटं बोलत नाही आणि आर्द्रतेचं २८० रुपयांचं घड्याळ बोलतं.

हिवाळ्यात दोन खेपा काढल्या, त्या बऱ्यापैकी झाल्या, त्यात सांगण्यासारखं काही नाही. एकदा रात्री चार तास लाइट गेली तेव्हा खोक्यावर गोधडी टाकून आत गरम पाण्याच्या दोन बाटल्या ठेवल्या, भागलं. कोंबडीही दिवसातून एकदा वीस मिनिटं उठून चरायला जातेच. थोड्या गारव्यानं अंड्याचं वाकडं होत नाही.

पण डोक्यात आखाजी होती. लोक म्हणाले उन्हाळ्यात नको करू. तो सल्ला बरोबर आहे, मीही दुसऱ्याला तोच देईन. पण भाच्यांची सुट्टी उन्हाळ्यात.

गावात आमचं जुनं धाब्याचं घर आहे. हातभर जाड मातीच्या भिंती, वर लाकडी सरे, त्यावर पांढऱ्या मातीचा थर. नवीन स्लॅबचं घर झाल्यापासून तिथं कांदे आणि कापसाची रिकामी पोती. मार्चअखेरीस एका दुपारी मीटर घेऊन आत गेलो. स्लॅबच्या घरात ३९, धाब्यात ३३. दार-खिडकी लावून संध्याकाळपर्यंत बसलो, आकडा एका डिग्रीपेक्षा जास्त हलला नाही. पंजोबांना कोणी पी-१ मध्ये ०.३ भरायला सांगितलं नव्हतं.

तिथं दुकानातला जुना कूलर नेऊन लावला, गवत बदलून. खोली तीसवर आली, आर्द्रता साठ. ही हवा खोक्यात तापली की चाळीसपर्यंत उतरते, म्हणजे एक छोटं झाकण पाणी पुरे. शिवाय दुसरी एक पाटी आणली, १८० रुपयांचीच, तिला 'सी' वर ठेवलं आणि ३७.९ ला झाकणातला दुसरा पंखा चालू होईल असं केलं. आतली हवा बाहेर, खोलीतली गार हवा खालच्या भोकांतून आत. हेच दुकानात केलं असतं तर ४१ ची हवा आत ओढली असती. यंत्र तेच, जागा बदलली. खर्च आता १,०१०.

राहिली लाइट. उन्हाळ्यात लाइट गेली की अंडी गार पडायची भीती नाही, कूलर बंद पडतो ही भीती. इतरांचं सगळं आमच्याकडे उलटं. कूलर बंद पडला तर खोक्याचं झाकण बोटभर उघडायचं आणि खोलीत ओलं गोणपाट टांगायचं, हे काम अण्णांनी घेतलं. ते तसेही दुपारी तिथंच झोपायला लागले होते.

९ एप्रिल २०२५ ला अठ्ठावीस अंडी ठेवली, सगळी पाच दिवसांच्या आतली, सगळी माठाखालच्या वाळूतली. दहा अंड्यांचं वजन ४३२ ग्रॅम. त्याच दिवशी आजीनं तिची काळी खुडूक कोंबडी धाब्याच्याच दुसऱ्या कोपऱ्यात बसवली. टोपलीत भुसा, अंडी अकरा, बाजूला कोळशाचा तुकडा आणि एक खिळा, वीज कडाडली तर अंडी नासू नयेत म्हणून. एप्रिलात वीज कुठली? पण मी खिळ्याबद्दल बोललो नाही, माझ्याकडे दोन पाट्या होत्या.

सातव्या दिवशी पाच रिकामी, दोन कडी. एकवीस उरली. अठराव्या दिवशी ती दहा मोजली, दोन कडी निघाली होती म्हणून हिशेब आठांवर करावा लागला, पण टक्के बारा. फिरवणं बंद केलं, दोन्ही झाकणं भरली, खोक्याला चिकटपट्टी लावली. चिकटपट्टी माझ्यासाठी.

विसाव्या दिवशी संध्याकाळी पोर काचेला नाक लावून बसली होती. तिनं हाक मारली. जाळीच्या कडेच्या अंड्यावर, फुलीच्या थोडं वर, चांदणीसारखी तडकलेली खूण. कान लावला तर आतून चिवचिव. मग काहीच नाही. रात्री अकरापर्यंत काहीच नाही. मला घाम. झाकण उघडून जरा कवच सोडवून द्यावं, असं हात म्हणत होते. हे करायचं नसतं. पिल्लू त्या पहिल्या भोकानंतर बारा, कधी चोवीस तास थांबतं. आतल्या पापुद्र्यातलं रक्त ओढून घेत असतं, पिवळा बलक पोटात घेत असतं. मध्ये ओढलं तर रक्त वाहतं. त्या बलकावरच ते पुढे दोन दिवस दाणापाण्याविना राहू शकतं, म्हणून निघाल्या निघाल्या बाहेर काढायचीही घाई नको.

पहाटे चारला त्यानं परत सुरू केलं. एक ठोका, थोडं वळायचं, एक ठोका. भोकाची रेघ झाली, रेघेचा वेढा. मग पायांनी ताण दिला आणि मोठ्या टोकाचं टोपण दाराच्या बिजागरीसारखं उघडलं. बाहेर पडलं ते ओलं, कुरूप, मान टाकलेलं. तसंच शेजारच्या अंड्यावर जाऊन आदळलं आणि त्या अंड्यानंही टिचकी मारली. आखाजीच्या सकाळी आजी घागर भरून पूजेला बसली तेव्हा नऊ होती. गावातली माणसं पत्त्यांवर बसली तेव्हा चौदा. संध्याकाळी अठरा. एक भोक पाडून थांबलं ते थांबलंच, दोन अंडी गप्प राहिली.

कोपऱ्यातल्या टोपलीत अकरापैकी दहा.

मी ब्रूडरसाठी, म्हणजे निघालेली पिल्लं उबेत ठेवायला, खोकं शोधत होतो. पहिल्या आठवड्यात पिल्लांना तेहतीस ते पस्तीस डिग्री लागतं. ते तर ओसरीवर फुकट होतं, पण रात्री काय? आजी म्हणाली, "आते रातले ह्या पिल्ला तिना पोटखाल सोडी दे. सकायले तिले मोजता येस का?"

दिवसा नाही, अंधारातच. बॅटरीवर हात धरून मी एकेक पिल्लू काळीच्या पंखाखाली सरकवलं. ती गुरगुरली, एकदा माझ्या मनगटावर चोच मारली, मग अंग फुगवून खाली बसली. आठ सरकवली. उरलेली दहा भाच्यांसाठी पुठ्ठ्याच्या खोक्यात, एका बल्बखाली. तो देव्हाऱ्याचा.

सकाळी काळी कोंबडी अंगणात आली तेव्हा मागे अठरा. धाकट्या भाच्यानं त्यातली माझी कोणती ते विचारलं. मी खाली बसून पाहिलं, दोनदा पाहिलं, आणि आजीकडे बघितलं. ती तांदळाच्या कण्या पाखडत होती.